फोटोची उजवी बाजू

पुतणी गाडीत बसली की आधी काच खाली करते. बाहेर थंडी अशी, की तोंडातून निघालेला शब्द गोठून पायाशी पडावा, आणि ही बाई खिडकीतून अर्धी बाहेर. मी हीटर लावतो, ती ऊब रस्त्याला वाटत सुटते. "काका, काचेतून फोटो मळका येतो," हे तिचं ठरलेलं उत्तर. फोटो तिचा स्वच्छ येतो, सर्दी मला होते.

वर्षातले अकरा महिने ती प्रवासाच्या मासिकांसाठी फोटो काढते. समुद्र, हॉटेलं, पुलांवरचे दिवे. हिवाळ्यातले दहा-बारा दिवस मात्र तिचे स्वतःचे. तेव्हा ती फोन करून "काका, टायर बघून ठेवा," एवढंच म्हणते आणि मी काय ते समजतो. ज्या रस्त्यावर मी चौतीस वर्षं ट्रक चालवला, त्याच रस्त्यानं आम्ही खिंडीपर्यंत जातो आणि परत येतो. डोंगरांकडे ती ढुंकूनही बघत नाही. "डोंगर कुठे पळून चाललेत?" म्हणते. तिला हवं असतं ते दोन क्षण टिकणारं. दुधाच्या गाडीची बाई कोपरानं समोरच्या काचेवरचा बर्फ खरवडतेय. दोन अनोळखी ड्रायव्हर एकाच बॉनेटवर चार हात शेकतायत. शाळेचा पहारेकरी बर्फ झाडत चाललाय आणि त्यानं झाडलेल्या पट्टीवरून, पाय ओले होऊ नयेत म्हणून, एक कुत्रं त्याच्या मागोमाग चाललंय.

तिची एक रीत आहे. या वर्षी काढलेला फोटो पुढच्या हिवाळ्यात ज्याचा त्याला नेऊन द्यायचा. पोस्टानं नाही, हातात. ज्याच्या दारात उभं राहून काढला त्याच्याच दारात. कोण कुठे भेटेल, कोणाची बदली झाली, कोण आता या जगात नाही, हे लक्षात ठेवणं माझ्याकडे. लोक फोटो बघतात आणि पहिलं वाक्य जवळजवळ सगळे एकच बोलतात. "मी एवढा जाडा आहे?" मग मी सांगतो, "जाडा नाहीस रे बाबा, अंगात चार स्वेटर आहेत." त्यावर माणूस खूश.

या वर्षी मला जादा अक्कल सुचली. फोटो नुसत्या पाकिटात दिले की दुमडतात, ओल धरतात, लोक ते भिंतीला खिळ्यानं ठोकतात. म्हणून मी स्टेशनरीच्या दुकानातून पुठ्ठ्याच्या चौकटी आणल्या, चांगल्या जाड, काळ्या. सगळ्या एकाच मापाच्या. आता फोटो लांबट आणि चौकट जवळजवळ चौकोनी, तर काय करणार? मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लोखंडी पट्टी ठेवली, नवं ब्लेड घेतलं आणि दोन संध्याकाळी बसून सत्तावीस फोटो कापले. माणूस मध्ये ठेवायचा आणि ज्या बाजूला काही नाही ती बाजू उडवायची, असा माझा हिशेब. कापलेल्या पट्ट्या टाकल्या नाहीत. त्यांची मागची बाजू इतकी पांढरी, इतकी गुळगुळीत, की पेन आपोआप चालतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी अक्षरं गिरवायला लागलेल्या माणसाला कोरा कागद फेकवत नाही. बिस्किटांच्या जुन्या डब्यात त्या पट्ट्या घातल्या आणि डबा गाडीत ठेवला. पेट्रोल कुठे भरलं, कोणाला काय द्यायचंय, ते मी त्यांच्यावर लिहू लागलो.

पुतणी तेव्हा परगावी होती. तिला हे समजलं ते दुधाच्या गाडीच्या बाईच्या दारात. बाईनं चौकट हातात घेतली, उजेडाकडे धरली, नवऱ्याला हाक मारली, "अहो, बघा, मी पेपरातल्यासारखी दिसतेय!" पुतणी हसली, गोड बोलली, चहाला नाही म्हणाली. गाडीत बसली आणि या वर्षी पहिल्यांदाच काच वर केली.

"काका, फोटो कापलेत?"

"चौकटीत मावत नव्हते."

"सगळे?"

"सगळे. एकाला एक न्याय, दुसऱ्याला दुसरा, असं कसं करणार?"

तिनं कॅमेऱ्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "त्या बाईच्या डावीकडे रिकामा रस्ता होता. लांबच लांब. तिला अजून कुठवर जायचंय ते त्या रस्त्यावरून कळत होतं. ती मोकळी जागा म्हणजेच फोटो होता, काका."

"मोकळ्या जागेचा कसला आलाय फोटो?"

"तुम्ही ट्रक चालवत होतात तेव्हा मधला रस्ता कापून टाकला असता कोणी, तर?"

"तर चौतीस वर्षं घरी जेवलो असतो," मी म्हणालो. ती हसली नाही. मला वाटलं होतं हसेल. दोन गावं मागे पडली, पहारेकऱ्याचा फोटो देऊन झाला (त्यात कुत्रं कापलं गेलं होतं, ते मला तिथं उभं असताना दिसलं आणि मीच खाली बघितलं), तरी आमचं बोलणं जेवढ्यास तेवढंच. आपणच हौसेनं केलेलं काम आपल्याच अंगाशी आलं की तक्रार तरी कोणाकडे करणार.

दुपारी तीनच्या सुमारास आम्ही बुडबुडेच्या दुकानाशी थांबलो.

बुडबुडे म्हणजे पंक्चर काढणारा. खरं नाव त्याच्या बायकोला ठाऊक असेल, ती वारून बारा वर्षं झाली. दिवसभर ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघत बसतो, म्हणून ड्रायव्हर लोकांनी हे नाव ठेवलं. खिंडीच्या अलीकडचं हे शेवटचं दुकान. पत्र्याची एक खोली, आत शेगडी, भिंतीवर पाने आणि टायर उचकटायचे टॉमी मापानुसार टांगलेले, दारात कॉम्प्रेसर. पाण्याचं घंगाळ मात्र दुकानाबाहेर, कारण आत पाणी सांडलं की त्याचा बर्फ होतो आणि गिऱ्हाईक घसरतं. घंगाळापाशी तो रस्त्याकडे पाठ करून बसतो. वारा रस्त्याकडून येतो, म्हणून. दर थोड्या वेळानं शेगडीवरच्या किटलीतलं गरम पाणी घंगाळात ओततो, नाहीतर पाण्यावर साय धरावी तसा बर्फ धरतो.

"या उस्ताद," तो न उठताच म्हणाला. "या खेपेला चारही चाकांवर आलात? प्रगती आहे."

गेल्या वर्षी आम्ही त्याच्याकडे आलो ते मागचं चाक बसलेलं घेऊन. तासभर थांबलो होतो. मी आत शेगडीपाशी चहा पीत बसलो होतो आणि पुतणीनं दारातून त्याचे फोटो काढले होते. त्यातला एक आज द्यायचा होता.

"तुझं थोबाड आणलंय," मी म्हणालो. "भिंतीवर लाव, चोर येणार नाहीत."

त्यानं हात पुसले, दोन्ही बाजूंनी पुसले, आणि चौकट घेतली. फोटो खरंच चांगला होता. घंगाळावर वाकलेला तो, पाण्यातून निघणारी वाफ, तोंडाजवळ धरलेली ट्यूब, मागे पांढरा रस्ता. मी त्याच्या 'मी एवढा जाडा' ची वाट बघत होतो. त्यानं मात्र फोटो डोळ्यांजवळ नेला. मग अंगठ्याचं नख फोटोच्या उजव्या कडेवर टेकवलं.

"हे काय आहे?"

मी वाकून बघितलं. कडेला, जिथं माझं ब्लेड फिरलं होतं तिथं, दूरवर एका पिशवीचा पट्टा आणि एका हाताचं कोपर दिसत होतं. तांदळाच्या दाण्याएवढं. पट्ट्यावर लाल ठिपका.

"बसची वाट बघणारी कोणी बाई असेल," मी म्हणालो. "पलीकडे खांबापाशी उभी होती. मी कापली."

"हा पट्टा ट्यूबचा आहे," बुडबुडे म्हणाला. "शिलाई उसवली म्हणून मीच लावून दिला होता. लाल पॅच मी मारलाय." त्यानं आमच्याकडे बघितलं. "ही छकू आहे."

छकू म्हणजे त्याची मुलगी. लहानपणी ती त्याच्या मागे पाने घेऊन उभी असायची. सतरा नंबर म्हटलं की सतरा, एकोणीस म्हटलं की एकोणीस, कधी चुकायची नाही. मी तिला पाहिलेलं ते फ्रॉकवर बापाचं जाकीट घातलेलं पोर. फोटोत टोपी, मफलर आणि लांब कोटातली बाई होती. मी ओळखणार कशी? पण मी ओळखायचा प्रयत्नही केला नव्हता, हेही खरं.

"फोटो कोणत्या दिवसाचा?" त्यानं विचारलं.

"आम्ही आलो होतो त्याच दिवसाचा," पुतणी म्हणाली. "आमचं चाक दुरुस्त करत होतात."

बुडबुडे खाली स्टुलावर बसला. त्याच दिवशी, तो म्हणाला, छकू घर सोडून गेली होती.

मला एवढंच ठाऊक होतं की पोरगी शहरात बस चालवायला शिकायला गेली आणि बापलेकीचं बोलणं बंद झालं. का, ते कधी विचारलं नव्हतं. आता तोच सांगत होता, आणि सांगताना बोटांनी फोटोची कड चाचपत होता. "उस्ताद, या खिंडीतून खाली घसरलेल्या किती गाड्यांची चाकं मी उतरवली, तुम्हाला माहिती आहे. चाक तेवढं शाबूत असायचं, बाकी काही नसायचं. मी तिला म्हटलं, इथं बस, दुकान तुझं आहे, पण त्या स्टिअरिंगमागे बसू नकोस. ऐकेना. आदल्या संध्याकाळी म्हटलं, जायचं तर जा, मागे वळून बघायचं नाही. सकाळी उठलो तर अंथरूण घडी घालून ठेवलेलं, पिशवी गायब. मला वाटलं पहाटेच्या बसनं गेली. न सांगता. मला तोंड दाखवायला नको म्हणून." त्यानं फोटो परत वर धरला. "आणि ही इथं उभी होती? तुमचं चाक आलं तेव्हा दहा तरी वाजले असतील."

"साडेदहा," पुतणी म्हणाली.

"उरलेला तुकडा कुठाय?"

मी गाडीकडे गेलो, डबा आणला, बॉनेटवर पालथा केला. सत्तावीस पट्ट्या. अर्ध्यांवर माझं अक्षर. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून पुतणीनं दोन्ही हातांनी दाबून धरल्या आणि आम्ही तिघं आकाशाचे, भिंतींचे, रस्त्यांचे तुकडे उलटेपालटे करत बसलो. कुत्रंही सापडलं. खांबाची पट्टी सर्वांत खाली निघाली. तिच्या पाठीवर मी लिहिलं होतं, 'मेणबत्त्या, पायमोजे, काच पुसायला फडकं.'

बुडबुडेनं ती चौकटीच्या कडेला लावून धरली. खांब जुळला, पट्टा जुळला, कोपराला हात मिळाला. रस्त्याच्या पलीकडे बाई उभी. तोंड टिकलीएवढं.

"कुठं बघतेय ती?" त्यानं विचारलं.

मी तोंड उघडलं होतं. 'तुझ्याकडेच, अजून कुठे?' असं म्हणून टाकणं किती सोपं होतं. कोणाचं काय बिघडलं असतं? पण पुतणीनं माझ्याकडे असं बघितलं की मी तोंड मिटलं.

"यात कळत नाही, मामा," ती बुडबुडेला म्हणाली. "कळतं असं मी म्हणणार नाही. पण मी एकच फोटो काढलेला नाही. मी त्या वेळी नऊ काढले होते. गेल्या वर्षीचे सगळे बरोबर आहेत माझ्या. बघायचेत का? त्यात ती पाठ फिरवून उभी असेल, तर तेही दिसेल."

बुडबुडेनं घंगाळात बोट बुडवलं, बाहेर काढलं, पॅंटला पुसलं. "बघू," तो म्हणाला.

आत शेगडीपाशी जागा केली. टायरांच्या ढिगावर फळी टाकून तिनं लॅपटॉप ठेवला. तो थंडीनं सुरूच होईना, मग तिनं बॅटरी काढली आणि कोटाच्या आत काखेत धरून बसली. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्याही ती अशाच ठेवते. आम्ही दोघं म्हातारे एका पोरीची काख गरम व्हायची वाट बघत बसलो होतो. एरवी मी त्यावर काहीतरी बोललो असतो.

पडदा उजळला. तिनं नऊ फोटो ओळीनं लावले आणि खांबाची बाजू मोठी केली. प्रत्येक फोटोखाली वेळ होती. पहिला दहा एकेचाळीस. छकू खांबाशी उभी, बुटांकडे बघतेय. दुसरा, मान वर. इथं कोणी काही बोलायची गरज नव्हती. ती सरळ दुकानाकडे बघत होती, आणि दुकानापुढे बाप वाकून बसलेला, पाठ तिच्याकडे. तिसऱ्यातही तेच. चौथ्यात ती खांबापाशी नव्हती.

"गेली," बुडबुडे म्हणाला.

"नाही," पुतणीनं फोटो सरकवला. "ही बघा. मध्यावर आलीय रस्त्याच्या."

खरंच आली होती. पिशवी एका खांद्यावर, एक हात थोडा उचललेला, हाक मारण्याआधी उचलतो तसा. बापाचं डोकं ट्यूबपाशी, आमच्या ट्यूबपाशी. पाचव्यात एक ट्रक आडवा. सहाव्यात ती परत खांबाशी. सातवा, आठवा, नजर इकडेच. नवव्यात बस येऊन उभी, तिचं दार उघडं, आणि छकू पायरीवर एक पाय ठेवून मान वळवून बघतेय. दहा बावन्न.

"अकरा मिनिटं," पुतणी हळूच म्हणाली.

बुडबुडे उठला. भिंतीवरचा एक पाना काढला, तिथंच परत टांगला. "अकरा मिनिटांत मी दोन चाकं काढून बसवतो," तो म्हणाला. मग पान्याकडे बघतच, "वळून बघायचं नाही असं तिला सांगितलं, आणि ते पाळलं मी."

चाक माझं होतं. कापलं मी होतं. "हाक मारली असती तर तू ऐकलं असतंस," मी उगाच म्हणालो.

"कॉम्प्रेसर चालू होता," तो म्हणाला.

मग त्यानं अजून एक गोष्ट सांगितली. हिवाळा सुरू झाल्यापासून छकू याच रस्त्यावर बस चालवते. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सव्वाचारला इथून जाते. हे त्याला एका कंडक्टरनं सांगितलं. ही वाट कोणालाच नको असते, तिनं मागून घेतली म्हणे.

"मग? भेटलास?"

"कशाला? हॉर्नसुद्धा देत नाही. मी त्या वेळी आत येऊन बसतो."

"म्हणजे बघतही नाहीस?"

"बघायला कशाला पाहिजे? आवाजावरून कळतं. वळण यायच्या आधीच दुसऱ्या गिअरवर येते. बाकीचे वळणात आल्यावर खडखड करतात." एवढं बोलून त्यालाच लाजल्यासारखं झालं. "इथला थांबा हात केल्यावरचा आहे. खांबापाशी उभं राहून कोणी हात केला तर बस थांबते, नाहीतर नाही. इथून चढतंय कोण?"

पुतणीनं घड्याळ बघितलं. "मामा, आज गुरुवार आहे."

चार वाजायला सहा मिनिटं होती. आम्हाला खरं तर उजेडात खिंड उतरायची होती, चारनंतर त्या उतारावर मी कधी गाडी घालत नाही. मी पुतणीकडे बघितलं. ती टायरांवर बसून लॅपटॉप आवरत होती, फार सावकाश. म्हणजे थांबायचं होतं.

"आणि नाही थांबली तर?" बुडबुडे शेगडीला म्हणाला. "तेव्हा बघत होती, ठीक आहे. त्याला वर्ष झालं. वर्षभर मी आत बसलो. आता तिनं का थांबावं?"

"ती ड्रायव्हर आहे," मी म्हणालो. "खांबापाशी माणूस हात करून उभा असेल तर थांबावं लागतं. तो बाप आहे की चोर, हे विचारायचा नियम नाही."

"म्हणजे नियमासाठी थांबेल."

"सुरुवात नियमानं होऊ दे की! तुझं लग्न काय प्रेमानं झालं होतं?"

तो पहिल्यांदा हसला. हसता हसता डोळे पुसले आणि मला एक शिवी दिली, ती इथं लिहीत नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी त्यानं कानटोपी काढली, केस सारखे केले, टोपी परत घातली. हात साबणानं धुतले. तीस वर्षांचा काळेपणा साबणानं जातो थोडाच. मग रस्ता ओलांडून खांबापाशी जाऊन उभा राहिला. मी गाडीजवळ थांबलो. पुतणी दुकानाच्या दारात, कॅमेरा गळ्यात. रस्त्यावर दुसरं कोणी नव्हतं. दुकानाचा माणूस रस्त्याच्या पलीकडे उभा बघितला की तो फार लहान दिसतो, हे मला तेव्हा कळलं.

आवाज आला. वळणाच्या कितीतरी आधी गिअर उतरला, कुठेही खडखड नाही, कापडाची घडी घालावी तसा. मग बस दिसली. काचेवर मावळतीचा उजेड, आत कोण आहे ते दिसत नव्हतं. बुडबुडेचा हात खालीच. "हात कर," मी पुटपुटलो. "अरे, हात कर ना!" माझाच हात अर्धा वर गेला होता, तो मी दुसऱ्या हातानं धरला. हे त्याचं त्यालाच करायचं होतं. बस खांबावर आली, अगदी आली, आणि तेव्हा त्यानं हात उचलला. तोही छातीपर्यंत. पुरे म्हणताना उचलतो तेवढाच.

बस पुढे निघून गेली. चाकांनी उडवलेला भुसभुशीत बर्फ त्याच्या कोटावर बसला.

त्यानं हात खाली घेतला. "उस्ताद," तो पलीकडून म्हणाला, मोठ्यानंही नाही, "गेली."

"गप! ऐक."

चौतीस वर्षं जे कान वापरले तेच वापरत होतो मी. गिअर दुसऱ्यावरून पहिल्यावर. इंजिनाचा आवाज दबत चाललेला. ब्रेकची किंचाळी कुठेच नाही. "बर्फावर ब्रेक दाबत नाहीत रे!" मी ओरडलो. "उशिरा हात केलास तू! ती थांबतेय. इंजिनावर थांबवतेय. तुझ्या पोरीला गाडी चालवता येते!"

ऐंशी-नव्वद पावलांवर बस उभी राहिली. मागच्या दारातून कंडक्टरनं डोकं काढलं. "चढायचंय का, आजोबा? पाय उचला की!" बुडबुडे निघाला. धावायला लागला, घसरला, सावरला, मग शहाण्यासारखा चालू लागला. आम्ही दोघंही मागून गेलो. आम्ही जायला नको होतं कदाचित, पण गेलो.

ड्रायव्हरचं दार उघडलं आणि छकू खाली उतरली. निळा कोट, डोक्यावर डेपोची टोपी. बापाकडे आली नाही. पुढच्या चाकापाशी उभी राहिली. तो तिच्यापासून दोन हातांवर थांबला, धापा टाकत. एकमेकांकडे बघवेना दोघांना. शेवटी दोघांनी चाकाकडे बघितलं.

"उजवीकडच्या पुढच्यात हवा कमी आहे," बुडबुडे म्हणाला.

"माहिती आहे."

"मग भरली का नाहीस?"

"डेपोतला कॉम्प्रेसर बिघडलाय."

"आठ दिवस झाले कमी आहे. आवाजावरून कळतं."

"आठ दिवस ऐकताय," छकू म्हणाली, "आणि बाहेर नाही आलात?"

बुडबुडेनं बुटानं टायर दाबून बघितला. कंडक्टरनं मागून विचारलं की चढणार आहेत की नाही, आणि एका म्हातारीनं खिडकीतून त्याला "जरा थांब की रे," म्हणून गप्प केलं.

"बस मागे घे," बुडबुडे म्हणाला. "हवा भरून देतो."

"प्रवासी असताना मागे घेता येत नाही, बाबा. नियम आहे."

"नळी इथवर पुरणार नाही."

"मला माहिती आहे नळी कुठवर पुरते."

"मग पायपंप आणतो."

"पायपंपानं बसचं चाक?" कंडक्टर म्हणाला. "उद्या पोचू आपण!"

पण बुडबुडे दुकानाकडे निघालासुद्धा होता. पंप घेऊन आला, चाकापाशी गुडघे टेकले, झडपेचं टोपण काढून दातांत धरलं. नळी लावायला तिनं हातमोजे काढले आणि त्याच्या हातातून टोक घेऊन स्वतः बसवलं. तो उभा राहून पाय मारू लागला. दर पाचेक वेळा दाबल्यावर त्याला दम लागायचा.

"सरका, मी मारते."

"तू टोक धर. सुटतं ते." दोनदा दाबलं. "त्या दिवशी..." दोनदा दाबलं. "माझी पाठ होती."

"बोलू नका, दम लागेल."

"अकरा मिनिटं होतीस तू."

तिचा हात झडपेवरून सुटला. हवा फुस्सकन गेली. ती उभी राहिली आणि वर्षभरात पहिल्यांदा, मला वाटतं, बापाच्या तोंडाकडे नीट बघितलं. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

बुडबुडेनं दातांतलं टोपण काढलं नाही. नुसती हनुवटी आमच्याकडे केली. पुतणीनं कॅमेरा डोळ्याला लावला होता, ती त्याच्या आड झाली. मी उघड्यावर सापडलो. काय करावं ते सुचेना, म्हणून खाली वाकून बसची नंबरपाटी बाहीनं पुसू लागलो.

"उस्तादकाका," छकू माझ्या पाठीमागून म्हणाली, "ते राहू द्या. पंप मारा जरा. बाबा दमलेत."